बिनकिमतीचे दात

बैलजोडी घ्यायला बाजारात आलेला शेतकरी आधी काय पाहतो, असं शहरातल्या माणसाला विचारलं तर तो शिंगं, वशिंड, रंग अशी पोळ्याच्या चित्रातली उत्तरं देतो. केळापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे विचारावं लागत नाही. बोलता बोलताच त्याचा हात बैलाच्या तोंडाशी गेलेला असतो. एका हाताने नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ ओढायचा आणि क्षणात जनावराचं वय वाचायचं. दुधाचे दात असतील तर आदत, पहिली पक्की जोडी आली असेल तर दोन दाती, पुढे चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळलेला. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे सगळा कारभार खालच्या आठांवर. व्यापाऱ्याच्या जिभेवर बाजारात कुणाचा विश्वास नसतो, बैलाच्या दातांवर सगळ्यांचा असतो. मगच रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. आता याच शेतकऱ्याच्या अंगणात पडलेल्या कुत्र्याला किती दात आहेत ते त्याला विचारा. 'चावण्यापुरते आहेत' एवढंच उत्तर मिळेल. (बेचाळीस असतात, माणसापेक्षा दहा जास्त.) माझं म्हणणं असं की आपण ज्या जनावराची किंमत ठरवणार असतो त्याचंच तोंड उघडतो. जे फुकट मिळालं, त्याचं तोंड बंदच बरं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याच्या तोंडात आजार वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतो तो जंतूंच्या जोरावर खराच, पण त्याहून जास्त आपल्या या बाजारी हिशेबाच्या जोरावर.

तालुक्याचं नाव केळापूर, कचेऱ्या पांढरकवड्यात आणि जगदंबेचं देऊळ मात्र केळापुरात, ही वाटणी बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. कुत्र्यांना ती पक्की ठाऊक असते. नवरात्रात देवळाकडे, एरवी बसस्थानकाकडे, आणि बारा महिने श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गावरच्या ढाब्यांकडे. तिथेच एखादं पिल्लू ट्रकच्या चाकाखाली येता येता वाचतं, कुणाला तरी कळवळा येतो आणि ते घरी येतं. घरी आल्यावर त्याचं जे स्वागत होतं त्याचा क्रम सगळीकडे सारखाच आहे. आधी नाव ठेवतात, आणि यावरून घरात दोन तट पडतात. मग आंघोळ, मग गोचीड काढणं, मग गळ्यात पट्टा, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, आणि शेवटी ग्लुकोजचं बिस्किट तोंडासमोर धरून फोटो. या सगळ्या सोहळ्यात त्याचे कान पाहिले जातात, शेपटी पाहिली जाते, कुठल्या जातीचं असावं यावर शेजारी आपलं मत देऊन जातात आणि एखाद्या खात्यापित्या घरच्या अल्सेशियनशी त्याचं नातंही जोडलं जातं. तोंडात बघत कुणी नाही. खरं तर गावठी कुत्र्याची वंशावळ सांगता येत नसली तरी त्याचं चरित्र त्याच्या तोंडात बऱ्यापैकी तपशिलाने लिहिलेलं असतं, आणि जात ओळखण्यात वेळ घालवणाऱ्यांनी ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

हे वाचायला जबडा उघडावाही लागत नाही. माणसाळलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्याचा वरचा ओठ बाजूने अंगठ्याने वर आणि मागे सारला की पुरे. दातांवर बारीक खड्डे आणि तपकिरी खरवड दिसली तर समजावं की पक्के दात हिरडीत तयार होत होते तेव्हा या पिल्लाला डिस्टेंपर किंवा तसाच मोठा ताप येऊन गेला असणार. तो विषाणू दाताचं आवरण घडवणाऱ्या पेशींनाच गाठतो, आणि पिल्लू वाचलं तरी दात मात्र आजाराची खूण घेऊनच बाहेर येतात. सुळ्यांची मागची बाजू घासून सपाट झाली असेल तर याला कुणीतरी साखळीने बांधून किंवा पिंजऱ्यात कोंडून ठेवलं होतं आणि याने ती साखळी चावली होती. आणखी मागे गेलं की वरच्या जबड्यात एक भलामोठा, तीन मुळांचा दात लागतो. मांस कातरायचं काम त्याचं. लाळेची मोठी नळी त्याच्या समोरच गालात उघडते, म्हणून पिवळट-तपकिरी थर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जाड तिथे बसतो. दात जिथे हिरडीत शिरतो तिथे एक लाल रेघ. आणि काही कुत्र्यांत गालाच्या आतल्या बाजूला, जिथे गाल त्या दाताला टेकतो नेमक्या त्याच जागी, लालभडक कडेचा पांढुरका चट्टा. गाल ओढला की चट्टा दातापासून सुटतो, सोडला की पुन्हा जाऊन त्याच दाताला चिकटतो. पाश्चात्त्य पशुवैद्यांनी या जखमांना चुंबनाचे व्रण असं नाव दिलं आहे. एवढ्या दुर्गंधीत असं नाव सुचणं ही रसिकता म्हणावी लागेल.

या रसिकतेमागचं शास्त्र रूक्ष आहे. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्याचा फायदा असा की आपल्यासारखे त्याचे दात सहसा किडत नाहीत. तोटा असा की दातांवर साचलेला जंतूंचा चिकट थर दोन-तीन दिवसांतच क्षार धरून दगड बनायला लागतो, बोअरच्या पाण्याने माठाला आतून धरावा तसा. माठ घासता येतो. इथे दगड हिरडीच्या खाली सरकतो, हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि मग जबड्याचं हाडच झिजायला लागतं. तीन वर्षांवरच्या बहुसंख्य कुत्र्यांत हा आजार कमीअधिक प्रमाणात असतोच, असं पशुदंतवैद्य सांगतात. गालातला व्रण हा त्याच्या पुढचा अध्याय: काही कुत्र्यांचं शरीर या जंतूंच्या थरावर इतकं चवताळून उठतं की थराला टेकणारी स्वतःचीच कातडी सोलून काढतं. म्हणून व्रणाला कितीही मलम लावलं तरी तो बरा होत नाही. मलम गालाला लागतं, भांडण दाताशी असतं. दात साफ केले, आणि जे सुधारण्यापलीकडे गेलेत ते काढले, की पुष्कळदा गाल आपोआप शांत होतो.

यावर पहिला आक्षेप पारावरून येतो आणि तो ऐकायला फार बिनतोड वाटतो. रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांचे दात कोण घासतं? टिपेश्वरच्या वाघांना कुणी दंतमंजन दिलंय? उत्तर असं की कुणी घासत नाही, आणि त्याचे परिणामही होतात. फरक इतकाच की वाघाचा दात दुखला तर त्याची दखल इतिहास घेतो. १९०७ साली जिम कॉर्बेटने जी चंपावतची वाघीण मारली, जिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात, तिच्या उजव्या बाजूचे वरखालचे सुळे बंदुकीच्या जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. १८९८ साली केनियात त्साव्होला रेल्वेच्या पुलावर काम करणाऱ्या मजुरांना, त्यांत हिंदुस्थानातून नेलेले कितीतरी, ज्या दोन सिंहांनी खाल्लं, त्यांतल्या एकाच्या सुळ्याच्या मुळाशी गळू झालेलं होतं. त्याची कवटी शिकागोच्या संग्रहालयात आहे आणि दंततज्ज्ञांनी ती तपासली आहे. दातदुखी हे एकच कारण होतं की नाही यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते असोत. निसर्गात दात दुखत नाहीत, हे मात्र कवटीपुढे टिकत नाही. निसर्गाची पद्धत एवढीच की दातांचा आजार पुरता पिकायच्या आत जनावर दुसऱ्याच कशाने तरी मरतं. महामार्गावरच्या कुत्र्याचंही तेच. त्याला म्हातारपण सहसा लाभत नाही, म्हणून त्याचे दात पडायच्या आधी तोच पडतो. तुम्ही त्याला उचलून आणलंत, लस दिलीत, दोन वेळा भाकर घातलीत, त्याचं आयुष्य दुप्पट-तिप्पट केलंत. त्या वाढीव वर्षांत दातांवर जो थर चढतो, तो तुमच्या दयेचाच हिशेब आहे.

दुसऱ्या आक्षेपाला या तालुक्यात खास स्थानिक वजन आहे: 'आमच्याच दातांची ही गत, कुत्र्याचं काय घेऊन बसलात!' यात अतिशयोक्ती नाही. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड आहे आणि त्यावर 'करंट सायन्स'सारख्या नियतकालिकात २००७ साली शोधनिबंध छापून आला आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये असं आपलं मानक सांगतं. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पट्टे आणि पुढे पिवळे-तपकिरी डाग येतात, आणि ते कुठल्याही मंजनाने जात नाहीत. पाण्याने जे सोडलं ते खर्रा पुरं करतो. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून फळीवर घोटतात. चुरा ओलसर, गरम आणि तपकिरी होईस्तोवर घोटणाऱ्याचा हात थांबत नाही आणि गिऱ्हाईक तोवर राजकारण बोलत उभं असतं. ही सुपारी वर्षानुवर्षं गालात राहिली की गालाची आतली कातडी निबर होते आणि तोंड उघडणंच कमी होत जातं. दंतवैद्य अशा माणसाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात. निरोगी तोंडात ती जातात, याच्या तोंडात दोनही मुश्किलीने. आता अशा घरात कुत्रा जांभई देतो तेव्हा घशापर्यंतचा सगळा मुलूख दाखवतो. म्हणजे त्या घरात तपासायला सगळ्यांत सोपं तोंड कुत्र्याचंच, तेवढं तरी पाहून घ्यायला काय हरकत आहे? मालकाचं तोंड दुर्लक्षित आहे म्हणून कुत्र्याचंही असावं, हा समतेचा विचार झाला खरा, पण तो चुकीच्या टोकाने लावलेला आहे. फ्लोराइडच्या गावात डाग आणि दगड यांतला फरक तरी लोकांना शिकवावा लागत नाही. डाग दातातच असतो आणि नखाला लागत नाही, दगड वर चढलेला असतो आणि त्याची कड हाताला लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, आणि म्हणूनच सर्वांत घातक: 'चांगला जेवतो की!' माणूस दात दुखला की जेवण सोडतो, घरातल्यांशी बोलणं सोडतो, गालाला रुमाल बांधून आपल्या दुःखाची जाहिरात करतो. कुत्र्याला ही चैन परवडत नाही. ज्या वंशात एक वेळ जेवण सोडलं की दुसरा ते खाऊन जातो, तिथे दातदुखी हे उपाशी राहायचं कारण होत नाही. शिवाय तो आपल्यासारखा चघळत बसत नाही. कातरतो आणि गिळतो. त्यामुळे निम्मे दात हलत असतानाही ताटली चाटूनपुसून साफ होते आणि मालक निर्धास्त राहतो. दुखणं दिसतं ते दुसरीकडे. भाकरीचा तुकडा तोंडातून पडतो आणि पुन्हा उचलला जातो, खाताना मान एकाच बाजूला कलते, कडक तुकडा ताटलीच्या कडेला सारून ठेवला जातो, पंजाने तोंड घासलं जातं, लाळेत रक्ताचा धागा असतो, डोक्यावरून हात फिरवून घेणारं कुत्रं गालाला हात लागला की गुरगुरतं. कधी डोळ्याच्या खाली सूज येते. ती पाहून गांधीलमाशी चावली, कुणी दगड मारला, नजर लागली, असे तिन्ही निष्कर्ष निघतात आणि डोळ्यात थेंब घातले जातात. ते गळू बहुधा त्या मघाच्या तीन मुळांच्या दाताचं असतं. थेंब घालणाऱ्याला सूज उतरलेली दिसते, कारण गळू फुटून वाहून जातं; पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा भरतं आणि गांधीलमाशीवर दुसऱ्यांदा आळ येतो.

वासाबद्दल तर आपली समजूत शास्त्राच्या पलीकडची आहे. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, असं आपण ठरवून टाकलं आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला अत्तराचा वास येत नाही हे खरं, पण तो जवळ आला म्हणून पाहुण्याने खुर्ची मागे घ्यावी असाही येत नाही. खुर्ची मागे जात असेल तर ती तपासणीच्या दिशेने जायला हवी.

हाडाचा मुद्दाही निकालात काढायला हवा, कारण त्याला घराघरात मान्यता आहे. हाड चघळलं की दात साफ होतात. वरवरचा थर थोडाफार खरवडला जातो हे मान्य. हिरडीखाली जिथे खरा आजार असतो तिथे हाड पोचत नाही. आणि कुत्र्याच्या दाताचं आवरण आपल्यापेक्षा पातळ असतं, त्यामुळे मटणाच्या टणक नळीवर जोर काढताना त्या मोठ्या दाताची अख्खी चिप उडून आतली नस उघडी पडते. शिजवलेल्या हाडाच्या काचा होतात. आणि कधी हाडाचा किंवा काडीचा तुकडा टाळूला आडवा, दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मध्ये असा बेमालूम अडकतो की कुत्रा पंजे मारतो, लाळ गाळतो, तोंड मिटत नाही. इथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगायला हवी. लाळ गळणं, जबडा लोंबणं, गिळता न येणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत, आणि 'घशात काहीतरी अडकलंय' असं समजून हात घालणाऱ्यांनी आजवर मोठी किंमत मोजली आहे. म्हणून अनोळखी, बिनलशीच्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. दुरून पशुवैद्याला बोलवायचं. चावला, ओरबाडलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा, वाटेत कुठल्याही जाणत्याकडे न थांबता. तोंड बघा असा आग्रह धरणारा हा सगळा लेख लस टोचलेल्या, आपल्या घरच्या कुत्र्यापुरता आहे.

तोंडातला प्रत्येक फोड दातामुळेच असतो असंही नाही, आणि घरगुती वैद्यकाची गाडी नेमकी इथे रुळावरून घसरते. कोवळ्या कुत्र्याच्या ओठांवर फुलकोबीसारखे पांढरे मस आले तर ते विषाणूचे असतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत आपले आपण जातात; मधल्या काळात ज्याने जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या जिभेच्या कडेला व्रण आणि तोंडाला मुतारीसारखा वास असेल तर दुखणं तोंडात नसून मूत्रपिंडात असू शकतं. हिरडीत किंवा नाकाशी रक्ताळणारा मऊ गोळा असेल, तर तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे हुंगण्या-चाटण्यातून जाणारा कर्करोगही असू शकतो, जो हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशींपासून आजपर्यंत चालत आलेला आहे. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याची गाठ अजून गल्लोगल्ली फिरते आहे. दिलासा असा की व्हिंक्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी हा रोग बहुधा बरा होतो. म्हणजे ओठ उचलून पाहणं मालकाचं काम, पण पाहिलेल्याचं नाव ठेवणं डॉक्टरांचं. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं: न पाहताच 'उष्णता झाली' असं निदान होतं आणि ताक पाजलं जातं.

ताकापर्यंत ठीक आहे. पुढची पायरी मेडिकलच्या काउंटरची. माणसाच्या दातदुखीची गोळी कुत्र्याला अर्धी करून देतात, आणि त्यातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डायक्लोफेनॅकचा इतिहास तर आपल्याला तोंडपाठ हवा. ढोरांची दुखणी कमी करायला ते सर्रास टोचलं गेलं. मेलेली ढोरं गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडं नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गावाबाहेर टाकलेल्या ढोरांवर ताव मारायला स्पर्धा उरली नव्हती आणि कुत्री वाढली, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. म्हणजे ज्या औषधाने गिधाडं घालवून कुत्री वाढवली तेच आता कुत्र्याच्या दाढेवर उतारा म्हणून चालवलं जातंय. वर्तुळ पूर्ण करायची हौस कुणाला नसते! टूथपेस्टचंही असंच. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, जे लावाल ते तो गिळणार. आणि काही पेस्टमध्ये गोडव्यासाठी घातलेलं झायलिटॉल त्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरवतं. खेदाची गोष्ट ही की जनावराच्या तोंडाच्या जखमेची रीतसर शुश्रूषा या तालुक्याला मुळीच नवीन नाही. लाळ्या-खुरकूत आला की बैलाचं तोंड पोटॅशच्या पाण्याने धुणं, बोरोग्लिसरीन लावणं, मऊ वैरण घालणं हे घरातल्या म्हातारीलाही येतं. २०१९ पासून त्या रोगाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि बैलाच्या कानात त्यासाठी १२ आकडी पिवळा बिल्ला असतो. ज्ञान घरात आहे, ते फक्त गोठ्यातून अंगणात यायचं थांबलेलं आहे.

आता राहिला तो खरा जड आक्षेप. जिथे कापसाचा भाव पडला की घराचं गणित कोसळतं, जिथे माणसाला दाढ काढायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तिथे कुत्र्याच्या दातांची भाषा ही पुण्या-मुंबईची थेरं नाहीत का? या आक्षेपाची थट्टा करता येणार नाही. कुत्र्याचे दात नीट साफ करायचे तर पूर्ण भूल लागते. भुलीशिवाय केलेली सफाई म्हणजे निवडणुकीआधी केलेलं डांबरीकरण, वरून दिसायला छान, हिरडीखाली काहीच नाही. तीन मुळांचा दात काढायचा तर तो कापून तुकड्यांत काढावा लागतो. गुरांच्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी ढोरांच्या लसी, विण्याच्या अडचणी आणि सरकारी तक्ते यांतून मोकळे झाले तरी असल्या कामाची सोय तिथे असेलच असं नाही. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, पण पांढरकवड्याहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास. हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा हलत नाही, कारण मी मागतोय ते ऑपरेशन नव्हे, नजर. ओठ उचलायला पैसे पडत नाहीत. थर दगड व्हायच्या आत ओल्या सुती फडक्याने रोज दात पुसले तर ऑपरेशनची वेळ लांबते. आणि खर्च वाचवायचाच असेल तर एक आयती संधी सरकारनेच देऊन ठेवली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे स्थानिक संस्थांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी करायची असते. त्या वेळी कुत्र्याला भूल दिलेलीच असते, आणि ओळख म्हणून त्याच्या कानाचं टोक कापलं जातं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या आयुष्यात त्याचं तोंड बिनधोक उघडता येईल अशी ही बहुधा एकमेव वेळ. कान कापणाऱ्याने जाता जाता तोंडातही डोकावलं, हलणारा दात असेल तर काढला, गोळा दिसला तर नोंद केली, तर भुलीचा खर्च वाढत नाही. काम थोडं वाढतं, आणि कामाच्या वाढीवर आपल्याकडे आक्षेप नेहमीच तात्त्विक असतात.

धार्मिक अंगानेही कुणी अडवू नये. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्यामागे एक आहे, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ब्रश घेऊन धावलेला संत आपल्या परंपरेत नाही, हे खरं. पण त्या काळी ग्लुकोजची बिस्किटंही नव्हती. पुढचा प्रश्न येतो तो दात काढल्यावर. कुत्र्याचे दहा-बारा दात गेलेले ऐकून मालक हबकतो आणि डॉक्टरसाहेबांना विचारतो की आता हा खाणार कसा. खातो. दुखणारा दात असण्यापेक्षा नसलेला दात खाण्याला कमी आड येतो, आणि वरणात कुस्करलेल्या भाकरीला मुळात दात लागतच नाहीत. जखमा भरल्या की तो आधीपेक्षा जोमाने ताटलीवर तुटून पडतो. मग मालक खरा प्रश्न विचारतो, जो इतका वेळ त्याच्या मनात होता: राखण कशी करणार? रात्री अंगणात शिरलेल्या चोराला कुत्र्याचे दात दिसत नाहीत, आवाज ऐकू येतो. आणि भुंकायला दात लागत नाहीत, हे निवडणुकीच्या सभा ऐकलेल्या तालुक्याला वेगळं सांगायला नको.